प्रोसेसरचा वेग चुकीचा दिसतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘माझा प्रोसेसर कमी स्पीड दाखवतोय’ या एकाच वाक्यामागे अगदी वेगवेगळ्या तक्रारी असतात. कुणाचा संगणक पूर्ण ठणठणीत असतो, फक्त आकडा कोणता ते कळलेलं नसतं. कुणाचा खरोखरच रखडत चालत असतो आणि कारण असतं चार्जर. प्रोसेसरच बिघडलेला असणं फार दुर्मीळ. तरीही लोकांना दुकानात ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं जातं आणि ते हजारो रुपये मोजून मोकळे होतात. खर्च करण्याआधी निदान एवढं वाचावं म्हणून ही प्रश्नोत्तरं. भर विंडोजवर आहे, कारण बहुतेक प्रश्न तिथलेच येतात. लिनक्स, मॅक आणि फोन शेवटाकडे आहेत.

१. प्रोसेसरचा स्पीड नक्की कुठे बघायचा?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ निवडा. आलेखाखाली मोठ्या अक्षरात ‘स्पीड’ दिसतो, तो या क्षणाचा वेग. बाजूला बारीक अक्षरात ‘बेस स्पीड’ असतो, तो सहसा बदलत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि ‘अबाउट’ इथे प्रोसेसरचं नाव आणि त्याला लागून आणखी एक आकडा असतो. चौथी जागा बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची.

या सगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसले तरी सगळेच बरोबर असू शकतात. म्हणून प्रश्न विचारताना आकडा कुठे पाहिला आणि त्या वेळी संगणक काय करत होता, हे दोन्ही सांगा. तेवढ्यावरून अर्धं निदान होतं.

२. जाहिरातीत ४.४ गिगाहर्ट्झ लिहिलं होतं, विंडोज मात्र १.३ दाखवतं. माझी फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. इंटेल कोअर आय५-१२३५यू हे याचं नेहमी भेटणारं उदाहरण. त्यात २ मोठे आणि ८ छोटे कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत. मोठे कोअर जास्तीत जास्त ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, छोटे ३.३ पर्यंत. मोठ्या कोअरचा बेस वेग १.३ आणि छोट्यांचा ०.९. जाहिरातदार सगळ्यांत मोठा आकडा छापतो, विंडोज बेस दाखवतं. दोन्ही आकडे एकाच चिपचे आहेत.

बेस म्हणजे ठरलेल्या विजेत, या चिपच्या बाबतीत १५ वॅटमध्ये, जड काम तासन्‌तास चाललं तरी टिकवता येईल असा वेग. टर्बो म्हणजे वीज आणि थंडावा दोन्हींना वाव असेल तेव्हा थोड्या वेळासाठी मिळणारा वेग. पातळ लॅपटॉपच्या चिपमध्ये या दोन आकड्यांत तिपटीहून जास्त अंतर असतं, म्हणून धक्का बसतो. डेस्कटॉपवर अंतर कमी असतं. रायझन ५ ३६०० चा बेस ३.६ आणि कमाल ४.२ आहे, त्यामुळे त्याबद्दल असा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा ठेवून एखादी मोठी फाइल झिप करायला लावा. आकडा काही सेकंद बेसच्या बराच वर गेला तर चिप ठीक आहे. अजिबात वर गेला नाही तर प्रश्न १० पाहा. बेसच्याही खूप खाली अडकला तर थेट प्रश्न ६ वर जा.

एक गोष्ट मात्र खरोखर फसवणुकीची आहे. काही विक्रेते ‘४ कोअर गुणिले २.४ म्हणजे ९.६ गिगाहर्ट्झ’ असा हिशेब करून जाहिरात देतात. कोअरचे वेग असे बेरजेत येत नाहीत. अशी जाहिरात दिसली तर त्या दुकानातून काहीही घेऊ नका.

३. नावापुढे दोन-दोन वेग का? माझ्याकडे ‘१.६० गिगाहर्ट्झ’ आणि लगेच पुढे ‘१.८० गिगाहर्ट्झ’ दिसतं.

हा आय५-८२५०यू असणार. पहिला आकडा कारखान्यात चिपमध्ये लिहिलेल्या नावाचाच भाग आहे, तो कधीच बदलत नाही. दुसरा विंडोजने सुरू होताना मोजलेला. या चिपचा बेस १५ वॅटवर १.६ आहे. पण लॅपटॉपमध्ये थंडाव्याची सोय चांगली असेल तर तीच चिप २५ वॅटवर बसवायची मुभा इंटेलने दिली आहे आणि तेव्हा बेस धरला जातो १.८. विंडोजच्या मोजणीत हा वरचा आकडा येतो. तिचाच मोठा भाऊ आय७-८५५०यू ‘१.८०’ आणि ‘१.९९’ असं दाखवतो, तेही याच कारणाने. २.०० ऐवजी १.९९ का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

इंटेलने १२ व्या पिढीपासून नावातून वेग काढूनच टाकला, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर एकच आकडा दिसतो. एएमडी रायझनच्या नावातही वेग नसतो.

४. ३.६० ऐवजी ३.५९, ०.८० ऐवजी ०.७९. हा थोडासा फरक कशामुळे?

प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डकडून येणारा सुमारे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका गुणिले गुणक. गुणक ३६ असेल तर ३.६ गिगाहर्ट्झ. हा मूळ ठोका बहुतेक बोर्डांवर मुद्दाम किंचित हलता ठेवतात. एकाच वारंवारतेवर सगळी ऊर्जा एकवटली तर आजूबाजूच्या रेडिओ लहरींत व्यत्यय येतो, तो पसरवण्यासाठी ही सोय असते. बायोसमध्ये तिचं नाव ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’. त्यामुळे सरासरी ठोका ९९.७ ते ९९.८ च्या आसपास पडतो आणि शेवटचा अंक एकाने घसरतो. दुरुस्त करण्यासारखं यात काही नाही.

५. काहीच उघडलेलं नसताना स्पीड ०.८ किंवा १.१ वर येतो, माउस हलवला की एकदम वर जातो. हे बरोबर आहे का?

अगदी बरोबर आहे, आणि असंच व्हायला हवं. काम नसताना वेग आणि व्होल्टेज उतरवून वीज वाचवली जाते. इंटेलच्या या सोयीचं जुनं नाव स्पीडस्टेप. काही जण बायोसमध्ये जाऊन ती बंद करतात. त्याने रोजच्या कामात फरक जाणवत नाही. पंखा मात्र दिवसभर घोंघावतो आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. राहू द्या.

६. लॅपटॉप ०.३९ किंवा ०.७९ गिगाहर्ट्झवर अडकलाय. कितीही काम दिलं तरी वर जात नाही, साधं पान उघडायला मिनिट लागतं. काय करू?

मला सर्वाधिक येणारा आणि सर्वाधिक पैसे वाया घालवणारा प्रश्न हाच. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी आकडा समजून घ्या. ०.३९ म्हणजे गुणक ४, आणि ०.७९ म्हणजे गुणक ८. हे त्या त्या चिपचे सर्वांत खालचे गुणक आहेत. म्हणजे प्रोसेसर कुणाच्या तरी आज्ञेने तळाशी बसवून ठेवलेला आहे. जवळजवळ नेहमीच ही आज्ञा ‘प्रॉकहॉट’ नावाच्या एका तारेवरून येते. प्रोसेसर फार तापला की तो स्वतः या तारेवर इशारा देतो आणि वेग उतरवतो. पण ही तार दुहेरी आहे. मदरबोर्डवरचे इतर भागही तिच्यावरून प्रोसेसरला ‘हळू हो’ असं सांगू शकतात. तुमचा लॅपटॉप गार असूनही अडकला असेल तर इशारा बाहेरून येतोय, एवढं नक्की.

बाहेरचं पहिलं संशयित म्हणजे चार्जर. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध केसासारखी बारीक पिन असते. वीज त्या पिनमधून येत नाही, तिच्यातून चार्जर आपली ओळख आणि वॅट सांगतो. पिन वाकली, वायर गळ्याशी तुटली किंवा चार्जर नकली असला की लॅपटॉपला समोर कोण आहे ते कळत नाही. मग तो सुरू होतो, पण सावधगिरी म्हणून वेग तळाला नेतो आणि बऱ्याचदा बॅटरीही चार्ज करत नाही. यूएसबी-सी वाल्यांचं तसंच. ६५ वॅटच्या लॅपटॉपला फोनचा ३० वॅटचा चार्जर लावला तर तो चालतो, पण कुंथत.

तपासणी अशी करा. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा. वेग लगेच वर गेला तर दोष चार्जरमध्ये किंवा चार्जिंगच्या सॉकेटमध्ये आहे. ओळखीतल्या कुणाचा त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा अस्सल चार्जर दहा मिनिटं लावून पाहा, म्हणजे दोघांतला कोण ते कळेल. सॉकेट बहुतेक मॉडेलमध्ये मदरबोर्डपासून वेगळी, छोट्या वायरीवर असते आणि ती बदलणं स्वस्त पडतं.

बॅटरीवरही तोच आकडा राहिला तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढता येत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. वीज आणि पंखा सांभाळणारी जी छोटी चिप बोर्डवर असते ती यामुळे नव्याने सुरू होते. अडकलेला इशारा कधी कधी एवढ्यानेच सुटतो. नंतर कंपनीच्या साइटवरून बायोस अद्ययावत करा. अद्ययावत करताना चार्जर पक्का बसलेला हवा. वीज जाण्याची शक्यता असेल त्या वेळी हे काम करू नका.

तिसरा संशयित म्हणजे मेलेली किंवा फुगलेली बॅटरी. काम अचानक वाढलं की क्षणभर लागणारी जादा वीज बॅटरी पुरवते. ती साथ देत नसेल तर लॅपटॉप आपला वेग आवरता घेतो. जुन्या मॅकबुकमधून बॅटरी काढून चालवलं तरी वेग उतरायचा, त्यामागे हेच कारण. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर स्पीडचा विचार सोडा. लॅपटॉप वापरणं त्याच क्षणी थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या.

हे सगळं करूनही फरक नसेल तर बोर्डवरचा एखादा सेन्सर बिघडला असण्याची शक्यता उरते. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

७. थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘बीडी प्रॉकहॉट’ची खूण काढली की सगळं ठीक होतं. कायम तसंच ठेवू का?

थ्रॉटलस्टॉप हे प्रोसेसरच्या वेगावरची बंधनं बदलणारं साधन आहे आणि ‘बीडी प्रॉकहॉट’ म्हणजे प्रश्न ६ मधली तीच दुहेरी तार. ती खूण काढली की प्रोसेसर बाहेरचा इशारा ऐकणं बंद करतो. निदानासाठी पाच मिनिटं हे करून पाहायला हरकत नाही. खूण काढताच वेग वर गेला तर प्रश्न ६ मधला तर्क बरोबर होता हे सिद्ध होतं. प्रोसेसरचं स्वतःच्या तापमानावरचं संरक्षण त्यानंतरही शाबूत असतं.

पण तो इशारा बोर्डवरचे वीज पुरवणारे भागही देतात. ते खरोखर तापत असतील आणि तुम्ही त्यांची हाक बंद केलीत तर बोर्ड जळू शकतो. चार्जर खरोखर कमी वॅटचा असेल तर तो तापेल. म्हणून चार्जर, सॉकेट, बॅटरी, धूळ हे सगळं तपासून सेन्सरच खोटा आहे अशी खात्री झाली असेल आणि बोर्ड दुरुस्त करणं परवडत नसेल, तरच शेवटचा उपाय म्हणून हे करा. घरातल्या विद्यार्थ्याच्या एकुलत्या एक लॅपटॉपवर मी सहजासहजी असं सुचवणार नाही.

८. चार्जर अस्सल आहे, पण थोडं काम केलं की लॅपटॉप भट्टीसारखा तापतो आणि वेग पडतो.

हा तापमानाचा मामला आहे. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोहोचलं की चिप स्वतःच वेग उतरवत राहते. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत साधन तापमान दाखवतं आणि वेग कशामुळे रोखला गेला तेही ‘हो’ किंवा ‘नाही’ असं वेगळं दाखवतं.

पंख्याच्या जाळीत साठलेली धूळ हे पहिलं कारण. तीन-चार वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये पंखा आणि पितळी-तांब्याच्या पापुद्र्यांच्या मध्ये धुळीची गादीच जमलेली असते. बाहेरून ब्रशने ती निघत नाही, लॅपटॉप उघडावा लागतो. उघडलाच आहे तर वाळलेली थर्मल पेस्टही बदलून घ्या. दुसरं कारण लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवणं, कारण हवा खालून आत जाते. तिसरं आपलं हवामान. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे ४५ अंश तापमान असतं. पंखा आत घेतो ती हवाच तेवढी गरम असते आणि कुठलाही पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. डिसेंबरात नीट चालणारा लॅपटॉप मेमध्ये रेंगाळला तर तो बिघडलाय असं लगेच समजू नका.

९. काम सुरू केलं की ४ गिगाहर्ट्झच्या वर जातो, अर्ध्या मिनिटात २ च्या आसपास येतो. तापमान तर ७० च आहे!

इथे मर्यादा विजेची आहे. इंटेलच्या चिपला दोन वीजमर्यादा ठरवून दिलेल्या असतात. एक थोड्या वेळासाठीची मोठी, दुसरी दीर्घकाळाची छोटी. लॅपटॉपमध्ये मोठी मर्यादा बहुधा २८ सेकंदांच्या सरासरीवर चालते. म्हणून ‘अर्धं मिनिट’ हे तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. डेस्कटॉपवरही हेच असतं. आय५-१२४०० ची दीर्घकाळाची मर्यादा ६५ वॅट आणि टर्बोची ११७ वॅट आहे.

हे आकडे चिपवर कोरलेले नसतात, लॅपटॉप बनवणारी कंपनी ते ठरवते. एकच चिप एका लॅपटॉपमध्ये १५ वॅटवर दमते आणि दुसऱ्यात २८ वॅटवर जोमाने पळते ती म्हणूनच. लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या नावाइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, हे तपासायला हवं. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ‘सायलेंट’ मोड लागलेला असेल तर तो बदला. त्याने मर्यादा वाढते, पंख्याचा आवाजही वाढतो.

१०. वेग बरोबर बेसवर थांबतो, टर्बो कधीच लागत नाही.

आधी पॉवर प्लॅनमधलं ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ पाहा. ते १०० ऐवजी ९९ असेल तर टर्बो पूर्ण बंद होतो. एक टक्क्याने एवढा फरक पडेल असं कुणाला वाटत नाही, पण विंडोज तसंच वागतं. लॅपटॉप गार राहावा म्हणून कुणीतरी सुचवलेला हा उपाय लोक करतात आणि वर्षभराने विसरून जातात. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची प्रगत सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, असा रस्ता आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे सेटिंग्जमधला ‘पॉवर मोड’ बदलून पाहा.

ते ठीक असेल तर बायोसमध्ये ‘टर्बो बूस्ट’ किंवा एएमडीवर ‘कोअर परफॉर्मन्स बूस्ट’ बंद आहे का ते बघा. आणि काही चिपना टर्बो मुळातच नसतो. चौथ्या पिढीचे डेस्कटॉप आय३ तसे आहेत. कार्यालयांतून निघालेले जुने संगणक घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

११. डेस्कटॉपवर सगळे कोअर कामाला लावले की जाहीर केलेला कमाल वेग मिळत नाही.

जाहीर केलेला कमाल वेग सहसा एका कोअरचा असतो. आय५-८४०० वर ४.० लिहिलेलं असतं. तो वेग एकच कोअर काम करताना मिळतो. सहाही कोअर जुंपले की ३.८. पूर्वी इंटेल किती कोअरना किती टर्बो याचा तक्ता प्रसिद्ध करत असे. २०१७ मध्ये आठव्या पिढीपासून ते बंद केलं आणि तेव्हापासून हा प्रश्न वाढला. मला ते पटलेलं नाही. ग्राहकाने पैसे मोजलेल्या वस्तूची ही माहिती त्याला मिळायलाच हवी.

कधी कधी तक्रार खरीही ठरते. २०१९ च्या जुलैमध्ये आलेल्या रायझन ३००० मालिकेतल्या अनेक चिप एका कोअरवरही जाहीर वेग गाठत नव्हत्या. वापरकर्त्यांनी आकडे मांडले, ओरड झाली आणि सप्टेंबरमध्ये एएमडीने फर्मवेअरमध्ये दोष असल्याचं मान्य करून बायोससाठी सुधारणा दिली. तिने परिस्थितीनुसार २५ ते ५० मेगाहर्ट्झची भर पडली. तो बोर्ड अजून जुन्या बायोसवर असेल तर अद्ययावत करा.

१२. टास्क मॅनेजर एक सांगतो, दुसरं साधन भलतंच. कुणावर विश्वास ठेवू?

टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची मिळून सरासरी देतो. त्यामुळे मोठे-छोटे कोअर असलेल्या चिपवर तो आकडा कुठल्याच एका कोअरचा नसतो. इतर साधनं प्रत्येक कोअरचा त्या क्षणाचा वेग वाचतात. त्यात आणखी एक अडचण अशी की झोपलेल्या कोअरला वेग विचारायचा तर त्याला उठवावं लागतं. उठला की तो पूर्ण वेगाने उठतो आणि साधन ‘४.२’ नोंदवतं, जरी तो एरवी पूर्ण वेळ झोपलेला असला तरी.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ असा वेगळा स्तंभ आहे. त्यात झोपेचा वेळ धरून खरोखर किती ठोके पडले ते येतं. काही काम नसताना हा आकडा ५० मेगाहर्ट्झच्याही खाली दिसेल, ते योग्यच आहे. सर्व कोअरवर भरपूर काम असताना दोन्ही स्तंभ जवळजवळ जुळले पाहिजेत. तेव्हाही इफेक्टिव्ह बराच खाली राहिला तर चिप कुठेतरी रोखली जात आहे. मला एकच आकडा पाठवायचा असेल तर हाच पाठवा.

१३. माझं उलटं आहे. काहीच काम नसताना वेग कायम वरच अडकलेला दिसतो.

‘हाय परफॉर्मन्स’ प्लॅन लागलेला असेल तर तो ‘बॅलन्स्ड’ करा. तेवढ्याने उतरला नाही तर हायपर-व्ही (विंडोजमधली आभासी संगणक चालवण्याची सोय) किंवा सुरक्षेतली ‘मेमरी इंटिग्रिटी’ सुरू आहे का ते पाहा. या सोयी सुरू असल्या की विंडोज स्वतःच एका आभासी थरावर चालतं आणि टास्क मॅनेजरला प्रत्यक्ष वेग नीट दिसत नाही. चिप आतून विश्रांती घेत असते, आकडा मात्र हलत नाही. इफेक्टिव्ह क्लॉक आणि तापमान कमी असेल तर काळजी सोडा. फक्त आकडा सुंदर दिसावा म्हणून मेमरी इंटिग्रिटी बंद करू नका.

१४. रॅम ३२०० ची घेतली, साधन १६०० दाखवतं.

डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून काही साधनं निम्मा आकडा दाखवतात. पण टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅमच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग) सुरू करायचं राहिलं आहे, किंवा तुमचा प्रोसेसर वा बोर्ड ३२०० पेलत नाही. प्रोसेसरच्या वेगाशी याचा संबंध नाही.

१५. घरी जुना ॲथलॉन एक्सपी २५००+ आहे. बायोस ११०० मेगाहर्ट्झ म्हणतो. २५०० कुठे गेले?

दोन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत. २५००+ हा मुळात वेग नाहीच. २००१ मध्ये ॲथलॉन एक्सपीपासून एएमडीने पेंटियम ४ च्या स्पर्धेत आपल्या चिपना वेगापेक्षा मोठे क्रमांक द्यायला सुरुवात केली. बार्टन गाभ्याच्या २५००+ चा खरा वेग १८३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळ ठोका १६६ गुणिले ११.

आता ११००. तो आला १०० गुणिले ११ मधून. बायोसने मूळ ठोका १६६ ऐवजी सुरक्षित समजला जाणारा १०० धरला आहे. त्या काळातले बरेच बोर्ड हा ठोका आपणहून ओळखत नसत किंवा सेटिंग पुसली गेली की १०० वर जात. पेंटियम ४ च्या २.४ गिगाहर्ट्झच्या १३३ वाल्या चिपवर हेच झालं तर १.८ दिसतं, कारण गुणक १८ आहे.

बायोसमध्ये ‘एफएसबी’ किंवा ‘सीपीयू क्लॉक’ शोधून १६६ करा. काही बोर्डांवर त्यासाठी जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असतो, बोर्डच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. रॅम तेवढ्या वेगाची नसेल तर रॅमचं गुणोत्तर खाली ठेवा. आणि दर वेळी मेन स्विच बंद केल्यावर तारीख मागे जात असेल, वेगही पुन्हा ११०० होत असेल, तर बोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

१६. प्रोसेसर बदलला. वेग ठीक, पण नावाच्या जागी ‘मॉडेल अननोन’ येतं.

जुन्या एएमडी चिपचं नाव बायोस लिहितो. चिप बायोसपेक्षा नवी असेल तर त्याच्याकडे नाव नसतं. बायोस अद्ययावत केल्यावर नाव येईल. गुणक आणि व्होल्टेजही त्यानंतर एकदा तपासा.

१७. वापरलेला संगणक घेतोय. विक्रेता दाखवतो ते नाव खोटं असू शकतं का?

असू शकतं, आणि करायला दुर्दैवाने सोपं आहे. विंडोज प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतल्या एका नोंदीतून दाखवतं. ती नोंद कुणीही बदलू शकतो. संगणक पुन्हा सुरू केला की ती आपोआप खरी होते, म्हणून फसवणारे दर सुरुवातीला ती बदलणारी छोटी फाइल ठेवून देतात. रिस्टार्ट करून पाहणं त्यामुळे पुरेसं नाही.

लॅमिंग्टन रोडवर घेत असा की गावातल्या ओळखीच्याकडून, हे तीन पडताळे करा. बायोसमध्ये शिरून नाव पाहा. सीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर न्या आणि चालवा, ते चिपलाच थेट विचारतं, रजिस्ट्रीला नाही. मग कोअर, थ्रेड आणि कॅशचे आकडे कंपनीच्या साइटवरच्या आकड्यांशी जुळवा. फक्त ‘आय७ म्हणजे चार कोअर’ असं धरून चालू नका. सातव्या पिढीतल्या यू मालिकेच्या लॅपटॉप आय७ मध्ये दोनच कोअर होते आणि ते अस्सल होते.

नावाच्या जागी वेगळ्याच धाटणीचं ‘जेन्युइन इंटेल’ आणि चार शून्यं दिसली तर ती चाचणीसाठी बनवलेली चिप आहे. ती विक्रीसाठी नसते, तिचा वेग अंतिम चिपपेक्षा कमी असू शकतो आणि बायोस बदलला की ती चालणंही बंद होऊ शकतं. कितीही स्वस्त असली तरी रोजीरोटीच्या संगणकात घालू नका.

१८. लिनक्स आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये काय फरक?

लिनक्सवर इंटेलच्या नव्या चिपचा गव्हर्नर, म्हणजे वेग कसा बदलायचा ते ठरवणारी सेटिंग, ‘पॉवरसेव्ह’ दिसला की लोक घाबरतात. इंटेलच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये त्याचा अर्थ ‘कायम तळाशी’ असा होत नाही. काम वाढलं की वेग वाढतोच. प्रश्न ६ ते ९ मधली कारणं लिनक्सवरही तशीच लागू आहेत.

व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला, यजमान संगणकाचा बहुधा बेस वेगच दिसतो. बाहेर टर्बो लागलेला असला तरी आत आकडा हलत नाही. वेग तपासायचा तो यजमानावर.

१९. मॅक आणि फोन?

एम१ आणि पुढच्या मॅकवर ‘अबाउट धिस मॅक’मध्ये वेग लिहिलेलाच नसतो, त्यामुळे चुकीचा दिसण्याचा प्रश्न येत नाही. इंटेलच्या मॅकवर तिथे दिसतो तो बेस.

फोनवर वेग मुद्दाम उतरवल्याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण आयफोनचं. जुन्या आयफोनचे वेग तपासणाऱ्यांना ते ठरल्यापेक्षा कमी आढळले आणि बॅटरी बदलताच पूर्ववत झाले. बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आयओएस १०.२.१ पासून आपण वेग आवरतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. त्यानंतर आयओएस ११.३ पासून सेटिंग्जमध्ये बॅटरीची प्रकृती दिसू लागली. जुना आयफोन मंद झाला असेल तर नवा घेण्याआधी तिथे पाहा.

२०. ओव्हरक्लॉक केल्यावर (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यावर) बेंचमार्कचा, म्हणजे वेगाच्या चाचणीचा, निकाल अशक्य वाटावा इतका चांगला येतो. वेग खरा की खोटा?

विंडोज सुरू असताना मूळ ठोका बदलला असेल तर संशय घ्या. वेग मोजायचा तर कामाला लागलेला वेळ मोजावा लागतो आणि संगणकाचं स्वतःचं घड्याळच त्या ठोक्याबरोबर सरकलं तर मोजणी बिघडते. विंडोज ८ मध्ये नेमकं हेच होत होतं. सुरू झाल्यानंतर ठोका कमी केला की घड्याळही मंद व्हायचं, दहा सेकंदांचं काम त्याला नऊ सेकंदांचं वाटायचं आणि निकाल फुगायचा. म्हणूनच ओव्हरक्लॉकिंगची जागतिक क्रमवारी ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने ऑगस्ट २०१३ मध्ये विंडोज ८ वरचे निकाल नाकारले.

पडताळा सोपा आहे. इंटरनेट बंद करा, म्हणजे विंडोज वेळ परस्पर दुरुस्त करणार नाही. फोनचं स्टॉपवॉच आणि संगणकाचं घड्याळ एकाच क्षणी पाहून सुरुवात करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा जुळवा. काही सेकंदांचा फरक पडला तर तो निकाल टाकून द्या. ठोका बायोसमधूनच बदला, संगणक पूर्ण बंद करून सुरू करा आणि मग चाचणी घ्या.